हवाईचे पाणी कोणी वळवले?

हवाई बेटांची गोष्ट सांगताना एक सोयीची मांडणी नेहमी केली जाते. कॅप्टन कुक 1778 मध्ये तेथे पोचला, मागोमाग व्यापारी, मिशनरी आणि ऊसमळेवाले आले, बाहेरचे वारे लागले आणि मूळ संस्कृती विरून गेली. जगाशी संबंध आला की असे व्हायचेच, दोष कोणाला द्यायचा? हे बोलणे समजूतदार वाटते. माझ्या मते ते खोटे आहे आणि त्या बेटांवर डल्ला मारणाऱ्यांना पाठीशी घालणारे आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. मिशनऱ्यांचे जहाज 1820 मध्ये किनाऱ्याला लागले. पण ‘कापू’ ही विधिनिषेधांची जुनी व्यवस्था हवाईच्या राजघराण्याने 1819 मध्येच मोडली होती. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध असताना तरुण राजा लिहोलिहो उघडपणे स्त्रियांच्या पंगतीला बसला. त्यामागे दिवंगत राजाची राणी काआहुमानू होती. ख्रिस्ती झाल्यावर 1830 मध्ये जाहीर हुला नृत्यावर बंदी घातली तीही तिनेच. मग संस्कृती त्यांनी आपल्या हातांनीच टाकली, असे का म्हणू नये?

कारण तो समाज आपल्या चालीरीती स्वतः बदलत होता आणि बाहेरून आलेले पारखून घेत होता. मिशनऱ्यांनी लिपी आणि छापखाना आणला. पहिले हवाईयन भाषेतील वृत्तपत्र 1834 मध्ये निघाले, आणि पुढे अशी शंभरेक पत्रे निघाली. त्यांत लोकांनी आपल्या वंशावळी, मंत्रगीते आणि ज्वालामुखीच्या देवीच्या कथा सविस्तर छापून ठेवल्या. गिटार मेक्सिकोच्या गुराख्यांबरोबर आली; ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूने तिच्या तारांवर लोखंड सरकवून नवाच सूर काढला. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवणारी हवाईयन गिटार आपल्याकडे घरोघर रेडिओवर ऐकली गेली, तिचे मूळ हेच. बंदीत अडकलेल्या हुलाला राजा कालाकौआने 1883 च्या राज्याभिषेकात सन्मानाने परत आणले. बाहेरच्या वाऱ्याने विरघळणारा समाज असे वागत नाही.

बाहेरून आलेल्या रोगांच्या साथींची गोष्ट वेगळी, आणि ती भयंकर आहे. कुकच्या काळी काही लाख असलेले हे लोक 1890 च्या शिरगणतीत जेमतेम चाळीस हजार उरले होते. पण रोगांनी माणसे मेली. त्यांची जमीन रोगांनी नेली नाही.

जमीन कशी गेली ते पाहा. 1848 मध्ये परदेशी सल्लागारांच्या गराड्यात राजाने जमिनीची वाटणी केली, 1850 मध्ये परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली, आणि सामान्य रयतेच्या नावावर एक टक्काही जमीन लागली नाही. जमिनीपाठोपाठ पाणी गेले. हवाईचे तेव्हाचे मुख्य अन्न कालो, म्हणजे आपले अळूच, पण कंदासाठी लावलेले. ते दरीतल्या खाचरांत वाढते, आणि खाचरातले पाणी थंड व वाहते हवे. साचून तापले की कंद सडतो. ओढ्यातून पाट काढायचा, प्रत्येक खाचराला त्याचा वाटा द्यायचा आणि उरलेले पुन्हा ओढ्यात सोडायचे, अशी गावाची शिस्त होती. कंद शिजवून लाकडी फळीवर दगडी बत्त्याने कुटला की पोई होते. त्यांच्या पुराणकथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. अमेरिकेशी झालेला करार 1876 मध्ये लागू होऊन साखर तिकडे बिनजकात जाऊ लागली, आणि ऊसमळ्यांनी डोंगरातून कालवे खणून हे पाणी पलीकडच्या कोरड्या मैदानांवर नेले. खाचरे सुकली, की पाटाची शिस्त, पोईचा घास आणि थोरल्या भावाची कथा सांगण्याचे निमित्त, सगळेच एकदम सुटते. याला सांस्कृतिक प्रभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

राज्यही असेच गेले. 1887 मध्ये शस्त्रांच्या धाकाने राजा कालाकौआकडून नवी राज्यघटना मान्य करून घेतली. 17 जानेवारी 1893 रोजी अमेरिकी युद्धनौकेवरचे 162 सैनिक होनोलुलूत उभे असताना राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. शाळा इंग्रजीकडे आधीपासून वळत होत्या हे खरे. पण इंग्रजी माध्यमाची सक्ती करणारा 1896 चा कायदा राणीला पदच्युत करणाऱ्यांच्याच सरकारचा. लोकांनी निमूट मान्य केले म्हणावे, तर अमेरिकेत विलीनीकरणाच्या विरोधात 1897 मध्ये एकवीस हजारांहून अधिक सह्या वॉशिंग्टनला पोचल्या. दोन तृतीयांश मतांअभावी विलीनीकरणाचा करार अडला, तेव्हा 1898 मध्ये साध्या बहुमताच्या ठरावाने बेटे घेतली.

आता दुसरा आक्षेप येतो: आजचे पुनरुज्जीवन कृत्रिम आहे, पर्यटकांसाठी आहे. कोणत्या पर्यटकासाठी 1984 मध्ये काउआई बेटावर हवाईयन भाषेची बालवाडी निघाली? अशा शाळांवरची बंधने 1986 पर्यंत कायद्यात होती. ‘होकुलेआ’ ही दुहेरी नाव 1976 मध्ये एकाही उपकरणाविना, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने ताहितीला पोचली, ती काय हॉटेलवाल्यांच्या सांगण्यावरून? ऊसमळे बंद पडले तेव्हा वाइआहोले दरीतल्या कालो शेतकऱ्यांनी पाण्यासाठी न्यायालय गाठले आणि 2000 साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क उचलून धरला. मूळ मागणी रंगमंचाची नव्हतीच. जमीन, पाणी आणि शाळा यांची आहे.

अमेरिकी काँग्रेसने 1993 मध्ये ठराव करून राज्य उलथवल्याबद्दल माफी मागितली. सुमारे 18 लाख एकर जमीन मूळ लोकांच्या संमतीविना आणि मोबदल्याविना घेतली गेली, हे त्याच ठरावात लिहिले आहे. त्या ठरावाने एक एकरही परत केला नाही.