लंकेतला व्हरांडा

मराठी माणसाची लंकेशी ओळख फार जुनी, पण ती बहुतेक म्हणींतून झालेली. दुसऱ्याच्या श्रीमंतीचा आपल्याला काय उपयोग, हे सांगायचे झाले की आपण लंकेतल्या सोन्याच्या विटा काढतो, आणि अंगावर फुटका मणीही नसलेली बाई दिसली की तिला ‘लंकेची पार्वती’ म्हणून मोकळे होतो. ज्या गावी विटा सोन्याच्या, त्याच गावची पार्वती दागिन्यांवाचून कशी, असा प्रश्न वर्गात दरवर्षी एखादी चाणाक्ष मुलगी विचारते आणि वर्गात हशा पिकतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे गेल्या दिवाळीच्या सुटीत कोलंबोला समुद्रकाठच्या एका जुन्या हॉटेलात दोन रात्री काढल्यावर माझ्या ध्यानात आले. वाचकहो, या दिवाळीच्या पानावर त्या दोन रात्रींचा हिशेब तुमच्यापुढे ठेवतो.

निमित्त आईच्या पंचाहत्तरीचे. साड्या नकोत, दागिने नकोत, सत्यनारायणही झालेला. तेव्हा आमच्या सौ.नी सुचवले की आईंना एकदा समुद्रापलीकडे नेऊ या. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या आसपास, म्हणजे ठाण्याहून पुण्याला जाण्याहून फार वेगळे नाही. आमचे मामा म्हणाले, “अरे, दिवाळीत राम लंकेहून परत आला आणि तुम्ही तिकडे निघालात!” आई शांतपणे म्हणाली, “तो परत आला म्हणजे आता तिथे जागा झाली असेल.”

हॉटेलाचे नाव गॉल फेस. चौघा ब्रिटिश उद्योजकांनी ते १८६४ साली काढले. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. म्हणजे आगबोटींचा तो जवळचा रस्ता व्हायच्या आधी पाच वर्षे हे हॉटेल पाहुण्यांची वाट पाहत बसले होते. उंच छत, लाकडी जमिनी, रुंद जिने आणि समुद्राकडे तोंड केलेला एक लांबच लांब व्हरांडा. व्हरांड्यापुढे काळ्यापांढऱ्या फरशांचे बुद्धिबळाच्या पटासारखे अंगण, त्यात माड, आणि अंगण संपते तिथे थेट समुद्र. लाटा बांधावर आपटल्या की तुषार चहाच्या टेबलापर्यंत येतात. इमारतीची मोठी डागडुजी २०१५ साली पुरी झाली, पण नवेपणाचा वास तिला येत नाही.

अशा वास्तूंच्या माहितीपत्रकांत थोरामोठ्यांची नावे असतात. मला त्या नावांपेक्षा एका दारवानाचे नाव अधिक मोलाचे वाटले. कुट्टन हा केरळातला पोरगा पोटासाठी समुद्र ओलांडून आला आणि १९४२ साली या हॉटेलात नोकरीला लागला. त्याच वर्षी ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले. पुढे इंग्रज गेले, देशाचे नाव बदलले, सरकारे बदलली. कुट्टन मात्र पांढरा पोशाख आणि तितक्याच पांढऱ्या मिशा मिरवीत दाराशी हात जोडून उभा राहिला, तो २०१४ साली वारेपर्यंत. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने दुसऱ्यांसाठी दार उघडले. चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यातली सत्तर वर्षे! आमच्या कॉलेजात पंचवीस वर्षे झालेल्या शिपायाला आम्ही नारळ आणि शाल देतो, आणि आपण केवढे उदार असे समजतो.

संध्याकाळी तिथे ध्वज उतरवण्याचा एक छोटा सोहळा होतो. स्कॉटलंडची ती पिशवीची सनई वाजवीत एक माणूस येतो, झेंडा खाली येतो आणि सूर्य समुद्रात जातो. आम्ही तिघे व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलो होतो. चहाबरोबर तीन मजली तबकडी आली. खाली सँडविचे, मध्ये केक, वर आणखी केक. सौ.नी त्या तबकडीकडे, मग सूर्याकडे, मग शेजारच्या मोकळ्या हिरवळीकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “अहो, हाच सूर्यास्त तिकडून फुकट दिसतो आहे. मग आपण पैसे कशाचे देतो?”

प्रश्न रास्त होता. हॉटेलाला लागूनच गॉल फेस ग्रीन हे लांबलचक मैदान आहे. डच लोकांच्या काळी किल्ल्याच्या तोफांपुढे आडोसा राहू नये म्हणून ही जागा मोकळी ठेवली होती. पुढे गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांनी १८५६ साली समुद्रकाठचा फिरायचा रस्ता बांधायला घेतला, तो १८५९ साली पुरा झाला. तिथल्या शिळेवर त्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांना शिफारस करून ठेवली आहे, की कोलंबोच्या स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी ही जागा सांभाळावी. सत्ताधाऱ्याने मागे ठेवलेल्या शिळा बहुधा स्वतःच्या पराक्रमाच्या असतात. ही दुसऱ्यांच्या हवापाण्याची आहे, म्हणून लक्षात राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या हिरवळीवर गेलो. पतंग उडत होते, पोरे फुगे फोडत होती, आणि हातगाड्यांवर ‘इस्सो वडे’ तळले जात होते. इस्सो म्हणजे कोळंबी. डाळीचा चपटा वडा आणि त्याच्यावर अख्खी कोळंबी बसवलेली. सौ. मालवणच्या, त्यांनी चार खाल्ले. आई शाकाहारी, तिच्यासाठी कोळंबीविना वडा निघाला. “हा तर आपला डाळवडा,” ती म्हणाली, “फक्त इकडे येऊन जरा जाड झाला आहे.”

सकाळच्या न्याहारीला मात्र आम्हाला खरे घबाड मिळाले. एका कोपऱ्यात एक बाई छोट्या छोट्या खोलगट कढयांतून ‘आप्प’ काढत होत्या. तांदूळ आणि नारळाचे दूध यांचे आंबवलेले पीठ कढईत घालून कढई हातानेच गोल फिरवायची. कडेला जाळीदार कुरकुरीत पापुद्रा आणि मध्ये लुसलुशीत गादी. दुसऱ्या ताटात तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या. त्या पाहताच सौ. जवळजवळ ओरडल्याच, “अहो, शिरवाळे!” आमच्या कोकणात शिरवाळे नारळाच्या गोड रसात बुडतात, इथे नारळाच्या दुधाच्या पिवळ्या आमटीत, फरक एवढाच. माशाच्या सुक्या कालवणात ‘गोरका’ नावाचे आंबट फळ होते, ते आमसुलाचे सख्खे भावंड. शेवटी मातीच्या मडक्यात लावलेले म्हशीचे दही आणि त्यावर ओतायला भेर्ली माडाच्या रसाची काकवी. आईने दोनदा घेतले. पंचाहत्तरीत माणसाने कशाला दोनदा हात लावला, यावरून त्या पदार्थाची परीक्षा व्हावी.

आमच्या टेबलाला वाढणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांचे नाव इथे छापत नाही. त्यांनी मला मित्र म्हणून सांगितलेल्या गोष्टी आहेत. पहिल्याच सकाळी आईने खोबऱ्याच्या लाल चटणीकडे बोट दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अम्मा, यात सुका मासा आहे.” आणि स्वतः आत जाऊन बिनमाशाची चटणी करवून घेऊन आले. आप्प वाढताना ते पुटपुटत मोजत : एक, देक, तुन, हतर. आईचे कान टवकारले. मग दोघांचा खेळच सुरू झाला. कानाला ते ‘कन’ म्हणत, दाताला ‘दत’, गावाला ‘गम’, दुधाला ‘किरि’. आणि आईला क्षीर व खीर आठवली. सिंहली ही आपल्या मराठीच्याच कुळातली भाषा, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे, पण आईने ते दोन आप्पांच्या अवधीत सिद्ध करून टाकले.

दुसरा डाव पोर्तुगीजांच्या नावाचा. ते १५०५ साली लंकेला लागले आणि १६५६ साली डचांनी त्यांना कोलंबोतून काढले. आपल्याकडे वसईला चिमाजी आप्पांनी त्यांना हलवले ते १७३९ साली. राज्ये गेली, पण शब्द दोन्हीकडे मागे राहिले. पेरूला तिथे ‘पेर’ म्हणतात, अननसाला ‘अन्नासि’, काजूला ‘कजु’, पावाला ‘पान्’, नाताळाला ‘नत्तल्’. बटाट्याची मात्र गंमत : ‘बतल’ म्हणजे तिथे रताळे! आईने हे ऐकून उपासाच्या दिवशी लंकेत किती घोटाळा होईल याची चिंता केली.

आईला त्या शहरात आणखी एक गोष्ट पाहायची होती : रेडिओ सिलोन. १९५२ साली केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेमाची गाणी दुर्मिळ झाली. केसकर आपले मराठीच, पण मराठी घरांनीही त्यांचे ऐकले नाही. काटा सरळ सिलोनवर गेला. बुधवारी रात्री आठ वाजता शेजारच्या घरी चाळ जमायची. अमीन सायानी मुंबईत बोलत, त्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून तो आवाज परत मुंबईत येई. आमच्या स्नेह्यांनी ते केंद्र कुठे आहे ते सांगितले. इमारतीपुढे रिक्षात बसूनच आई काही वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “इतक्या लांबून यायचं होय रे ते!”

शेवटच्या संध्याकाळी गर्दी नव्हती. आईने त्या गृहस्थांना सहज विचारले, “ते वाईट दिवस होते, तेव्हा तुमचं कसं चाललं?” मी थोडा संकोचलो, असे प्रश्न हॉटेलात विचारायचे नसतात. पण आईच्या पिढीला हॉटेलात काय विचारू नये याचे शिक्षण मिळालेले नाही, हे बरेच आहे.

ते क्षणभर हिरवळीकडे पाहत राहिले. मग सांगू लागले. २०१९ च्या ईस्टरच्या रविवारी, २१ एप्रिलला, चर्चमध्ये आणि कोलंबोच्या मोठ्या हॉटेलांत स्फोट झाले, पाहुणे गेले. परतायला लागले तो साथ आली. २०२२ च्या एप्रिलात देशाने परदेशी कर्ज फेडता येत नाही असे जाहीर केले. पेट्रोल नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही, दुधाची भुकटी नाही. त्याच्या आधीच्या महिन्यात तर छापायला कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. “माझी मुलगी अभ्यास करून बसली होती,” ते म्हणाले, “आणि प्रश्नपत्रिकाच नव्हती.” त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत कोलंबोत खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाले. त्यांच्या घरी एक वेळ भात आणि एक वेळ फणस, असे बरेच महिने चालले.

“आमचा मूळ पगार लहान,” ते म्हणाले. “या देशात हॉटेलातल्या माणसाचं घर बिलावरच्या दहा टक्क्यांवर चालतं. सेवेचा आकार म्हणून जो लावतात, तो सगळ्यांत वाटला जातो. पाहुणाच नाही, तर शून्याचे दहा टक्के किती?”

आणि समोर, याच हिरवळीवर, ९ एप्रिल २०२२ पासून लोक तंबू ठोकून बसले. राष्ट्राध्यक्षांनी जावे, एवढीच मागणी. त्या वस्तीचे नाव ‘गोटा गो गम’. त्यातला शेवटचा शब्द आपला ‘गाव’च. त्या गावात अन्नछत्र होते, वाचनालयही होते. ९ मे रोजी त्यावर हल्ला झाला, तरी ते उठले नाही. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले आणि १३ जुलैला राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. “मी इथून टेबलं पुसताना ते गाव पाहत होतो,” ते म्हणाले. “सुटीच्या दिवशी बायको-मुलीला घेऊन मीही तिकडे जाऊन बसत होतो.” वॉर्ड साहेबांनी ज्यांच्यासाठी जागा राखायला सांगितली होती, त्याच स्त्रिया आणि तीच मुले तिथे येऊन बसली होती, हवा खाण्यासाठी मात्र नव्हे.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. सूर्यास्त फुकटच आहे आणि तो फुकटच राहावा. आम्ही पैसे दिले ते त्या माणसाला ‘यात मासा आहे’ असे आपणहून सांगावेसे वाटते त्याचे. हातानेच कढई फिरवण्याच्या कसबाचे. लाकडी जिन्याला रोज तेल लावणाऱ्या हातांचे. जुन्या वास्तूत जुने असते ते हेच. भिंती पैशाने पुन्हा उभ्या करता येतात. सत्तर वर्षे दाराशी उभा राहणारा कुट्टन कोणत्या कंत्राटदाराकडून आणणार?

निघताना आईने पिशवीतून फराळाचा डबा काढला : चकल्या, करंज्या, थोडे अनारसे. “तुमच्या मुलीला द्या,” ती म्हणाली. “परीक्षा झाली का तिची?” झाली होती, मुलगी आता कॉलेजात होती. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि आईला वाकून नमस्कार केला. आईने आशीर्वाद मराठीतच दिला. भाषांतराची गरज कोणालाच वाटली नाही.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आता घरोघर सहलींचे बेत चालले असतील. जुनी वाडे-हॉटेले आपल्याकडेही उदंड झाली आहेत. परवडत असेल तर एखादी रात्र अवश्य राहा. परवडत नसेल तर समोरच्या हिरवळीवर वडे खा, त्यात काडीचाही कमीपणा नाही. मात्र राहिलात तर खिडकीतून समुद्र दिसतो की नाही, यावरून व्यवस्थापकाशी हुज्जत घालण्याआधी वाढणाऱ्याला त्याचे गाव विचारा, आणि बिलाच्या तळाशी सेवेचा आकार दिसला की कपाळाला आठ्या घालू नका. त्या एका ओळीवर कुणाच्या तरी घरची चूल पेटत असते, आणि कुणाची तरी मुलगी प्रश्नपत्रिकेची वाट पाहत असते.