पंचावन्न टक्केवाल्यांचं काय?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत गुणगौरव सोहळे होतात. वरच्या टक्क्यांना ट्रॉफी, बाकीच्यांना ‘अजून मेहनत करा’ असं भाषण. पांझरा ओलांडून देवपुरात शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलांची किंमत या एकाच आकड्यावर ठरते. पंचावन्न टक्केवाला मग गॅरेजवर किंवा यंत्रमागावर जातो. कामात कमीपणा नाही. पण आपल्याला काय जमतं, हे त्याला कुणीच विचारलेलं नसतं.

अजानचे शब्द स्वप्नात दिसले ते ह. अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना. प्रेषित (सल्ल.) यांनी मात्र ते शब्द ह. बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितलं, कारण त्यांचा आवाज अधिक बुलंद होता. ह. जैद बिन साबित (रजि.) यांना परकी लिपी शिकण्याचं काम दिलं, ती त्यांनी पंधरवड्यात आत्मसात केली. प्रत्येकाच्या हातात त्याला साजेसं काम. ही सुन्नत आपण जलशांत ऐकतो, वर्गात आणत नाही.

सरकारने प्रयत्न केला होता. 2016 पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. कृषी, ललित कला, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं त्यात होती. कल्पना चांगली होती. पण कल कळून उपयोग काय, जर तो अहवाल घेऊन मुलाशेजारी अर्धा तास बसणारं कुणी नसेल? आणि दहावीत विचारणं म्हणजे गाडी सुटताना तिकीट काढणं.

आपल्याच साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड बघा. भिल्ल समाजातला, झोपडीत वाढलेला मुलगा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याची हुशारी ओळखली आणि आईला सांगितलं, याला नवोदयला पाठवा. तो अक्कलकुव्याला गेला, पुढे डॉक्टर झाला, नंतर कलेक्टर. अर्थात त्यांची हुशारी अभ्यासात दिसत होती. जिची दिसत नाही ती ओळखणं जास्त अवघड. दुकानात उधारीचा तोंडी हिशेब ठेवणारी मुलगी गणितात नापास होते, तेव्हा शिक्षकाने तिला उधारीचंच उदाहरण घालून बघावं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोड लिहिणारा वेगळा, चुका शोधणारा वेगळा, ग्राहकाला समजावणारा वेगळा. तिघांना एकाच पेपरात बसवलं तर दोघं नापास होतील, आणि प्रॉडक्टही बुडेल.

तुमच्यापैकी बरेच जण रविवारी मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवता. आठवीच्या प्रत्येक मुलाच्या वहीत महिन्यातून एक ओळ लिहा: या महिन्यात याने काय चांगलं केलं. ‘हुशार आहे’ असं मोघम नको. ‘भांडण मिटवलं’, ‘पंखा दुरुस्त केला’, ‘लहान भावाला पाढे शिकवले’ असं. ती वही घरी अम्मी-अब्बांना दाखवा. आणि पुढच्या गुणगौरवात ट्रॉफ्या वाटताना त्या वह्याही टेबलावर असू द्या.