लहान मालकाची सबब आणि चोरलेले तास

यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार ही दिल्लीतील सुस्थितीतल्या मध्यमवर्गाची वसाहत. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकांवर येथे रात्रंदिवस पहारेकरी उभे असतात, आणि बाजारातील दुकानांत पोरसवदा नोकर रात्रीपर्यंत गिऱ्हाइकांची ऊठबस करीत असतात. त्यांतील पुष्कळजण राहतात ते शेजारच्या त्रिलोकपुरीत, कल्याणपुरीत, खिचडीपुरात. १९७५-७६ मध्ये आणीबाणीचा वरवंटा फिरवून शहराच्या अंतर्भागातील झोपड्या उठविण्यात आल्या आणि श्रमिकांना जेथे नेऊन टाकण्यात आले, त्याच या वसाहती.

या श्रमिकांना कायद्याने काय देणे आहे? दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन मासिक १८,४५६ रुपये ठरले. हे सव्वीस दिवसांचे वेतन होय. दुकाने व आस्थापनांसाठी दिल्लीच्या १९५४ च्या कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि जादा कामासाठी दुप्पट दर सांगितला. आता बारा तास राबणाऱ्याचा हिशेब मांडावा. नऊ तासांचा दिवस धरला तरी एका तासाचे सुमारे ७९ रुपये होतात. दुप्पट दराने १५८. रोजचे तीन जादा तास म्हणजे महिन्याला ७८ तास, अर्थात १२,३०० रुपयांहून अधिक. एकूण देणे तीस हजारांच्या वर जाते. (इतके जादा काम घेणे हेच बेकायदा, कारण त्या कायद्याने जादा कामासह आठवड्याला ५४ तासांची हद्द घातली होती. पण ते तूर्त बाजूला ठेवू.) बारा तासांच्या पाळीला 'एक हजेरी' मानण्याची जी रीत पडली आहे, तिने हे बारा हजार रुपये दरमहा गिळले जातात. कोठे तर वेतन बँकेत जमा दाखवून त्यातील वाटा रोखीने परत घेतला जातो. कागद स्वच्छ, खिसा रिकामा!

यावर ठरलेले उत्तर येते: मालक लहान आहे, त्याला परवडत नाही. हे उत्तर नवे नाही, आणि त्याचा निकालही केव्हाच लागला आहे. १९५७ साली क्राउन अॅल्युमिनियम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला अस्तित्वाचा अधिकार नाही. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या, म्हणजे दिल्लीतीलच खटल्यात, किमान वेतनाहून कमी दराने काम घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली सक्तमजुरी होय, असा निर्णय झाला. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले ते तत्कालीन मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या कामगारामागे संघटनेचे बळ नाही, त्याच्यासाठीच मुळी हा कायदा होता.

लहान दुकानदाराची कोंडी खोटी नाही. जागेचे भाडे आणि बड्या भांडवलाची साखळी-दुकाने त्याला चेपीत आहेत. परंतु भाडेवाल्यापुढे मान तुकविणारा हा दुकानदार आपली सारी तूट नोकराच्या तासांतून भरून काढतो. जो आपल्याहून दुबळा त्याच्यावर भार ढकलण्याला अगतिकता म्हणावे काय?

आणि सोसायट्यांचे काय? तेथे तर नफ्यातोट्याचा प्रश्नच नाही. सभासदांत नोकरदार आहेत, महागाई भत्त्याची तारीख तोंडपाठ असणारे आहेत, आपापल्या कचेरीतील युनियनची वर्गणी भरणारेही असतील. तेच सभासद वार्षिक सभेत सर्वांत स्वस्त ठेकेदाराच्या बाजूने हात वर करतात. पहारेकऱ्यांची संख्या गुणिले किमान वेतन या साध्या गुणाकाराहूनही निविदेची रक्कम कमी असेल, तर फरक कोणाच्या पोटातून निघणार हे न कळण्याइतके ते अजाण नाहीत. 'तो ठेकेदाराचा प्रश्न' हे म्हणणे टिकत नाही: ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याचे दायित्व ज्याची आस्थापना त्याच्यावर येते.

राज्ययंत्रणेने मात्र उलटी वाट धरली आहे. दिल्ली विधानसभेने १९४८ च्या कायद्यात केलेली दुरुस्ती २०१८ मध्ये अमलात आली; तीत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राची वेतन संहिता लागू झाली आणि मूळ कायदाच रद्द झाला. आता वेतन कमी देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास केवळ दंड, तोही ५०,००० रुपयांपर्यंत. आणि कमाल दंडाची निम्मी रक्कम भरून तडजोडीची सोय. निरीक्षकाच्या पदाला 'सुविधाकार' अशी शेपटी जोडली आहे. सुविधा कोणाची, हे सांगावयास नको. महाराष्ट्रात तर २०१७ च्या कायद्याने दहाहून कमी कामगारांची दुकाने बहुतेक बंधनांतून आधीच मोकळी केली.

तथापि याच संहितेत कामगाराच्या उपयोगाची दोन-तीन हत्यारे शिल्लक आहेत. जादा कामाचा दुप्पट दर कायम आहे. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली असून दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. नोंदणीकृत कामगार संघटना स्वतः तक्रार करू शकते. पैसे दिले हे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे. किती तास राबलो हे मात्र कामगाराला दाखवावे लागेल. फाटकावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची वेळ पहारेकरी आपल्या हाताने वहीत टिपतो. ती वही सोसायटीच्या कपाटात आहे; तिच्यातील सकाळी आठची आणि रात्री आठची नोंद एकाच हस्ताक्षरात सापडते.