कुलूप कोणाच्या पैशातून?

आमच्या घरी मुलीच्या स्थळाची बोलणी चालली होती. तिचा फोटो आणि बायोडेटा व्हॉट्सॲपवरून पाठवताना आम्ही जरा थबकलो. खाला म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणी वाचू शकत नाही, असं वर लिहिलंय ना? मग भीती कसली?"

हे कुलूप आलं कुठून, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असतं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी लागू केलेली ही पद्धत 'सिग्नल' ॲप बनवणाऱ्या छोट्या गटाने घडवली. या गटाला २०१३ ते २०१६ या काळात ओपन टेक्नॉलॉजी फंडाकडून सुमारे तीस लाख डॉलर मिळाले. हा फंड चालतो अमेरिकी सरकारच्या पैशावर. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच सांकेतिक होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उलगडतो. मधल्या कंपनीकडे किल्लीच नसते.

गंमत अशी, की २०१३ मध्येच एडवर्ड स्नोडेन यांनी याच अमेरिकी सरकारची जगभरची पाळत उघड केली होती. एक हात कुलपाला पैसे देतो, दुसरा खिडकीतून डोकावतो! मग अशा कुलपावर विश्वास का ठेवायचा? कारण त्याची रचना खुली आहे. जगातला कोणीही जाणकार ती तपासू शकतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण हक्क पाळला जावा, तर साधनंही हवीत. आपल्या माहितीवर कमाई करणाऱ्या कंपन्या ती आपणहून बनवतील, या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही. म्हणून आपल्या विद्यापीठांतल्या अशा खुल्या संशोधनाला आपल्या कराचा पैसा मिळायला हवा, असं आम्हाला वाटतं.

आता पुन्हा घराकडे. आठवड्याभरात तो फोटो तिसऱ्याच ग्रुपवर दिसला. कुलूप तुटलं नव्हतं. आपल्याच एका नातेवाइकाने कौतुकाने तो पुढे पाठवला होता. मुलगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. कुलूप फक्त वाटेवर राखण करतं. फोटो घरी पोहोचला, की तो आपल्याकडची अमानत असतो. पुढे पाठवण्याआधी तिला एकदा विचारायला काय हरकत होती? त्याला सरकारी निधी लागत नाही.