दानशूरांची दोन मापे

वाचकहो, जुन्या काळी कित्येक वाण्यांच्या दुकानी दोन शेर असत, हे आपल्या आज्याने आपणांस सांगितलेच असेल. घेण्याचा शेर मोठा, देण्याचा लहान. रयतेचे धान्य घेताना मोठा पुढे येई, आणि रयतेस पेरणीला दाणे देताना लहान. नाव मात्र दोन्हींस एकच. आता ते शेर गेले व मापावर सरकारी छाप बसला; परंतु दोन मापे ठेवण्याची ती विद्या काही मेली नाही. ती मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या, दूरचित्रवाणीच्या आणि दानधर्म करणाऱ्या मंडळ्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली आहे. तेथे धान्य मापीत नाहीत, माणसाचे दुःख मापतात.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. २००६ साली मुंबईस नव्या तऱ्हेच्या कपड्यांचा एक सोहळा झाला. त्यास फॅशन वीक म्हणतात. पत्रकार पी. साईनाथ यांनी हिशेब मांडून दाखविला की, त्या सोहळ्याची बातमी देण्यास ५१२ अधिकृत पत्रकार जमले होते. त्याच दिवसांत विदर्भात सरासरी आठ तासांस एक शेतकरी आपला जीव देत होता, आणि ती बातमी घेण्यास बाहेरून आलेले पत्रकार होते अवघे ६. विदर्भातील स्थानिक पत्रांनी आपले काम केले, त्यांस आम्ही बोल लावीत नाही. परंतु या योगायोगातील क्रूरपणा पाहा. सोहळ्यात मिरवत होते ते सुती कपडे. ज्याने कापूस पिकविला तो यवतमाळास, वर्ध्यास, अमरावतीस मरत होता. ज्याने सूत विणले त्या कोष्ट्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. आणि ५१२ लेखण्या कापडाची चुणी कशी पडली हे लिहीत होत्या!

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. आता वर्तमानपत्रे शेतकऱ्याविषयी किती आदराने लिहितात! खरे आहे. आमच्या आज्यास तोंडावर ‘कुणबट’ म्हणत, आम्हांस ‘अन्नदाता’ म्हणतात. गरिबास ‘वंचित घटक’ म्हणतात, मदत घेणाऱ्यास ‘लाभार्थी’ म्हणतात. शिवी गेली याचा आम्हांस आनंदच आहे. ती परत यावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु हे शब्दांचे सोवळे झाले. पूर्वीचे सोवळे नेसून पाट मांडणारे जसे पंगतीत दोन तऱ्हेचे तूप वाढीत, तसेच हे नवे सोवळेकरी तोंडाने ‘बळिराजा’ म्हणतात आणि माप मात्र जुनेच वापरतात. जीभ धुतली म्हणून माप धुतले जात नाही.

या सोवळ्या भाषेचा कळस पाहावयाचा असेल तर सरकारी दप्तर उघडावे. २००६ सालापासून आपल्या राज्यात जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरास १ लाख रुपयांची मदत ठरली. ठीक. पण आधी ते मरण ‘पात्र’ ठरले पाहिजे! सातबारा मृताच्या किंवा त्याच्या घरच्या नावे पाहिजे. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे पाहिजे. आणि फेडीचा तगादा लागलेला पाहिजे. ज्याने बिगरपरवान्याच्या सावकारापुढे अंगठा उठविला, त्याचे मरण अपात्र. जो दुसऱ्याचे रान वाट्याने करीत होता, त्याचे अपात्र. आम्ही विचारतो, बँकेने दारात उभे केले नाही म्हणून जो सावकाराकडे गेला, त्याची विधवा कमी विधवा झाली काय? तिची पोरे कमी पोरकी झाली काय? आणि मग ‘घरगुती भांडण’, ‘दारूचे व्यसन’ असा शेरा मारून कागद बंद होतो. वर्तमानपत्रे तोच शेरा उतरून घेतात. शेठजी बुडाला तर बाजार मंदीत होता. शेतकरी बुडाला तर तो व्यसनी होता!

आता पैशाचे माप पाहू. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा आकडा ६० हजार कोटींचा होता. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी. त्यावरच्यास पूर्ण माफी नाही. विदर्भातील कोरडवाहू कापूसवाल्याकडे रान पाच एकरांहून जास्त असले तरी पिकते किती, हे मातीस विचारावे; पण नियमाने तो मोठा शेतकरी ठरला. एवढ्यावरही मोठ्या पत्रांनी टाहो फोडला की, रयतेस फुकट खाण्याची सवय लागेल, कर्ज बुडविण्याची चटक लागेल.

बरे, मग शेठजींचे काय? २०२३ साली सरकारने संसदेत सांगितले की, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. त्यांत ७ लाख ४० हजार कोटी मोठे उद्योग व सेवा यांचे. तेथील शहाणे लोक आम्हांस समजावतात की, निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली पुढे चालूच असते. कबूल! आम्ही आडमुठे नाही. पण त्याच उत्तरात वसुलीचा आकडाही आहे: निर्लेखित कर्जांतून त्या नऊ वर्षांत परत आले ते २ लाख ४ हजार कोटी. बाकीचे कोठे गेले, हे विचारण्यास कोणत्या पत्राने ५१२ माणसे पाठविली? तेथे ‘चटक’ हा शब्द कोणी काढीत नाही. दिवाळे निघालेल्या कंपनीचे देणे बँका सोडून देतात, त्यास ‘हेअरकट’ म्हणतात. आमच्या नाभिक बांधवांनी याचा निवाडा करावा. गावचा न्हावी ज्याने डोके पुढे केले त्याचेच केस कापतो. येथे कर्ज थकवितो शेठ, आणि हजामत होते रयतेची! कारण सरकारी बँकांची तूट भरून निघते ती खजिन्यातून. २०१७ साली त्यांच्या भांडवलासाठी २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर झाली. तो खजिना साबणाच्या वडीवरसुद्धा कर भरणाऱ्या आपल्या घरांनीच भरला आहे.

दानाचे माप याहून वेगळे नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीस महापूर आला. फुकट गहू-तांदूळ मिळण्यास सरकारी हुकूम काय होता? घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असले पाहिजे! आणि धान्य आले तेव्हा काही पिशव्यांवर पुढाऱ्यांची छबी चिकटवून आली. चूल बुडालेल्या बाईने दाणे शिजवावेत की छबी पाहावी? दानशूर मंडळ्यांचीही तीच तऱ्हा. एक चादर देणारे दहा हात, आणि घेणाऱ्या म्हातारीस सांगणार, “आजी, इकडे बघा, जरा वर तोंड करा.” ज्याने दिले त्याचे नाव ठळक, ज्याने घेतले त्याचे तोंड ठळक. कोट्यवधींचे कर्ज निर्लेखित झाले, तेव्हा कोणा शेठजीस असे वर तोंड करून उभे केले काय? उलट त्यांची नावे झाकून राहतात. बँकांच्या तपासणीची माहिती लोकांस दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेस बजावण्यास २०१५ साली सर्वोच्च न्यायालय लागले. आणि आमचा थकबाकीदार? त्याचे नाव सोसायटीच्या फळ्यावर!

दान मुळीच नको असे आम्ही म्हणत नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र घातले. परंतु त्याच जोतीरावांनी पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून, शेतकरी उपाशी का राहतो याचा जाब विचारला. एका हाताने भाकरी दिली, दुसऱ्या हाताने हिशेब मागितला. आजचा दानशूर भाकरी देतो ती हिशेब कोणी मागू नये म्हणून!

आता थोडे आपल्या घरातही पाहू, कारण दुसऱ्याचे माप तपासणाऱ्याने आपलेही दाखविले पाहिजे. गावात मदतीची गाडी आली म्हणजे ती आधी कोठे थांबते? चावडीपुढे, मोठ्या वाड्यापुढे. गावाबाहेरच्या वस्तीवर जाते ते उरलेसुरले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांस मदतीत मागे सारल्याचे प्रकार नोंदले गेले. आपल्या गावी त्याहून निराळे घडते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? रानात राबते बाई, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढविण्यास आपलेच हात जड होतात. मग धनी गेल्यावर ती कचेरीच्या पायऱ्या झिजविते. शहरच्या दोन मापांस शिव्या देऊन गावात दोन मापे चालविणे, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावयास लावा. अपात्र ठरविले तर कारण लेखी मागा. २००५ चा माहितीचा कायदा आपल्याही हाती आहे. बाईचे नाव सातबाऱ्यावर चढवा. घेणारा राजी नसेल तर त्याचा फोटो काढू देऊ नका. आणि दानशूर दारात आला की त्यास पाणी द्या, बसावयास घोंगडे टाका, आणि एवढेच विचारा, “दादा, चादर चांगली आहे; पण हिच्या कापसास भाव काय दिला?”

आम्हांस दुसऱ्याच्या दुःखाचे माप लहान करावयाचे नाही. मुंबईचा अश्रू खोटा आणि यवतमाळचा खरा, असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी एका शेराची आहे. घेताना तोच, देताना तोच. शेठजीस तोच, कुणब्यास तोच, वस्तीवरच्या बाईसही तोच. तोपर्यंत आम्हांस अन्नदाता म्हटले काय नि कुणबट म्हटले काय, पायलीत दाणे तेवढेच पडणार!