‘भारी!’च्या पुढे

रामटेक म्हटलं की मेघदूत आठवतं. संगणकावर संगीत रचणाऱ्या हौशी मंडळींनी मात्र इथं शाकुंतल आठवावं. त्याच्या आरंभीच सूत्रधार कबूल करतो की, जाणकारांचं समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगाचा भरवसा नाही. कालिदासाच्या सूत्रधाराला संकोच वाटला नाही, मग आपल्याला कशाचा?

मित्राला ट्रॅक ऐकवला की ‘भारी!’ असं उत्तर येतं. मन सुखावतं, ट्रॅक जागीच राहतो. कामाला येतो तो नेमका शेरा: किक आणि बेस एकमेकांना झाकताहेत, हेडफोनवर घुमणारा बेस मोबाइलवर गायब होतोय. विचारणाऱ्यानंही ‘कसं वाटलं?’ऐवजी ‘कुठं कंटाळा आला?’ असं विचारावं. एकत्र काम करायचं तर टेम्पो आणि पट्टी सांगून प्रत्येक वाद्याची फाइल वेगळी द्यावी.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्या तबकडीला खरे कान मिळाले ते २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर. शेजारच्या पोराला एवढी वाट पाहायला लावू नका. आजच ऐका, आणि खरं सांगा.

– संपादक