गोखिवऱ्याची जमीन आणि रस्त्याची रेघ

पश्चिमेस रेल्वेचा लोहमार्ग, पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि महामार्गापलीकडे तुंगारेश्वराची डोंगररांग अशा चौकटीत सापडलेल्या वसई पूर्वेच्या गोखिवरे गावाच्या नकाशावर रस्त्याची आणखी एक रुंद रेघ ओढावी, असे नियोजनकारांस वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कारण वसई रोड स्थानकाकडून रेंज नाका, फादरवाडी, वालीव असे करीत महामार्गाला मिळणाऱ्या वाटेवर सायंकाळी ट्रक, टेंपो, रिक्षा आणि बसगाड्या यांची जी दाटी होते ती पाहिल्यावर, रस्ता नकोच असे म्हणणारा मनुष्य त्या मुलखात मिळणे कठीण. शहराच्या चारही भागांना जोडणाऱ्या वर्तुळाकार मार्गाची कल्पना वसई-विरारच्या आराखड्यात वर्षानुवर्षे नांदत आहे. वसईजवळच्या नवघरपासून रायगड जिल्ह्यातील बलवलीपर्यंतचा विरार-अलिबाग मार्गाचा पहिला टप्पा प्रत्यक्षात आला, म्हणजे ह्या पट्ट्यातील जमिनीला आजच्याहून अधिक भाव येणार हेही उघड आहे. तेव्हा वाद रस्ता हवा की नको हा नव्हेच. रस्त्याची रेघ आधी आखावी आणि तिच्या दुतर्फा असलेल्या जमिनीचे काय करावयाचे याचा विचार मागाहून सवडीने करावा, ही जी आपल्याकडील रूढ पद्धत आहे, तिच्याविरुद्ध ही तक्रार आहे.

ही जमीन कोरी नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने रीतसर आखून दिलेली वसाहत वसईच्या वाट्याला आली नाही; वालीव, सातिवली, गोराईपाडा, गोखिवरे येथे खासगी मालकांनी भातशेतीवर भर घालून गाळे बांधले, ते भाड्याने दिले, आणि रंग, रसायन, प्लास्टिक, धातुकाम, छपाई अशा नाना उद्योगांची एक अफाट पण निनावी नगरी तेथे उभी राहिली. तिला लागून, गोखिवऱ्याच्याच हद्दीत, भोयदापाड्याची कचराभूमी आहे, जेथे साऱ्या वसई-विरारचा कचरा येऊन पडतो आणि जिच्या आगीचा धूर आसपासच्या वस्तीला नवा नाही. अशी एकदा वापरून झालेली, अंगावर डाग असलेली जमीन पुन्हा उपयोगात आणणे हे शेतात प्लॉट पाडण्याहून सर्वस्वी निराळे काम आहे. सिडकोची १९९० साली नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली त्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या मंडळींनी हरित वसईसाठी जी झुंज दिली तिचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु केळीच्या वाड्यांना जसे वकील मिळाले, तसे पूर्वेकडच्या पत्र्याच्या छपरांना मिळाले नाहीत. हिरव्या भूमीविषयी माणसाला ममत्व वाटते, काजळलेल्या भूमीविषयी वाटत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर वाटेल तो प्रयोग निर्धास्तपणे करता येतो.

अशा प्रयोगाचे पर्यवसान कशात होते हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही; लोकलने परळला उतरले तरी पुरे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाची घरघर सुरू झाली, आणि सुमारे ६०० एकर जमीन मुंबईच्या ऐन मध्यभागी नव्या उपयोगासाठी मोकळी होण्याचा, नगररचनेच्या इतिहासात क्वचितच येणारा योग आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक वाटा मोकळ्या जागेस, एक परवडणाऱ्या घरांस आणि उरलेला मालकास, अशी स्थूलमानाने तिहेरी वाटणी सांगितली होती; १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने हे सुटे तुकडे एकत्र विचारात घेऊन रस्ते, चौक, उद्याने यांची सलग रचना करण्याची सूचना केली होती. पुढे २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली, वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या भूखंडापुरती उरली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली, आणि प्रत्येक गिरणी आपापल्या भिंतीच्या आत स्वतंत्रपणे श्रीमंत होत गेली. भिंतीबाहेरचे पदपथ, गल्ल्या आणि रेल्वेचे जिने मात्र पाळीवर पायी येणाऱ्या कामगारांच्या काळातले होते तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली, तेव्हा आपण पावसाला, अफवेला आणि रेल्वेच्या प्रशासनाला दोष दिला. तो देणे योग्यही होते, परंतु गिरण्यांच्या जागी हजारो नोकरदारांची कचेऱ्यांची नगरी वसविताना ती माणसे कोणत्या वाटेने येतील आणि कोणत्या वाटेने जातील, हा प्रश्न ज्या दप्तरात विचारला जावयास हवा होता तेथे तो विचारलाच गेला नव्हता, हे मूळ कारण त्या दिवसापुरते आठवले आणि विसरले गेले.

परळमध्ये जमिनीचा विचार झाला आणि वाटेचा राहिला. याच्या उलट टोकाचे उदाहरण त्याही आधीचे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते जुन्या मोहल्ल्यांमधून काढले. रस्ते झाले, वाराही थोडाफार आला असेल. पण ज्यांच्या चाळी पाडल्या ती माणसे शेजारच्या, आधीच ओसंडणाऱ्या चाळींत शिरली आणि एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली. त्याच ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याला मात्र आधी जमीन एकत्र केली, रस्ते, गटारे व मैदाने यांची तजवीज केली आणि मग घरांना परवानगी दिली. आज त्या भागातून चालताना मनाला जी स्वस्थता वाटते, ती ह्या क्रमाची देणगी आहे. संस्था एकच, अधिकार तेच, अंतर थोड्या वर्षांचे. फरक पडला तो काय आधी आणि काय नंतर एवढ्याचाच.

गोखिवऱ्यात काय आधी असावयास हवे? माझ्या मते माती. वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याच्या पोटात मिथेन वायू तयार होतो, त्यातून पाझरणारे काळे पाणी विहिरी आणि ओढे नासविते, आणि रसायनांच्या गाळ्यांखालच्या मातीत जे मुरले आहे ते वरून सिमेंट ओतल्याने नाहीसे होत नाही. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर कार्यालयांचे चकचकीत संकुल उभे राहिल्यानंतर तेथील संगणकांचे भाग जमिनीतून येणाऱ्या वायूंमुळे गंजू लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. यंत्राने निदान तक्रार तरी केली. माणसाच्या फुप्फुसांत काय झाले याचा हिशेब इतक्या लवकर लागत नाही. तेव्हा पुनर्विकासाच्या प्रत्येक भूखंडास मातीच्या आणि भूजलाच्या तपासणीचा दाखला असल्याशिवाय निवासी परवानगी मिळू नये, आणि तो दाखला बिल्डरने नेमलेल्या नव्हे तर पालिकेने नेमलेल्या प्रयोगशाळेचा असावा.

येथे रस्ता आणि जमीन एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही. जुना कचरा उकरून, चाळून, त्यातील माती, दगड, प्लास्टिक वेगळे काढण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. दिल्लीत गाझीपूरसारख्या कचऱ्याच्या डोंगरांतून निघालेला लक्षावधी टन माल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या अर्बन एक्स्टेन्शन रोडच्या भरावात वापरला गेला. भोयदापाड्याच्या ढिगातील निर्धोक माल, अर्थात तो निर्धोक असल्याची खात्री पटल्यावर, गोखिवऱ्याच्याच रस्त्याच्या भरावात का जाऊ नये? नाहीतर भरावासाठी आणखी एखादी टेकडी खणली जाईल, आणि ढीग आहे तेथेच राहील.

परंतु भराव म्हटला की पाण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि वसईत तो सर्वांत वरचा. तुंगारेश्वराच्या उतारावर कोसळणारा पाऊस पश्चिमेकडे खाडीच्या दिशेने धावतो. वाटेत त्याला महामार्ग आडवा येतो, मग भर घातलेल्या जमिनी, मग रेल्वेचा बांध. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल गाड्या थांबल्या, मिठागरात शेकडो माणसे अडकून पडली, आणि त्यानंतर नीरी व आयआयटी मुंबई यांच्याकडे कारणमीमांसेचे काम सोपविण्यात आले. उत्तर-दक्षिण जाणारा नवा रस्ता उंच भरावावर बांधला तर ह्या पाण्याच्या वाटेत चौथा बांध पडेल. म्हणून मोऱ्यांची रुंदी ही अखेरीस कंत्राटदाराने खर्चात बसवावयाची बाब नव्हे. रेघ कोठून जाईल हेच मुळी पाण्याच्या वाटा मोजून ठरले पाहिजे, आणि ज्या खोलगट जागा अजून रिकाम्या आहेत त्या पाणी धरून ठेवण्यासाठी राखल्या पाहिजेत. जर्मनीतील रूर खोऱ्यात १९८९ पासून दहा वर्षे जो प्रकल्प चालला, त्यात कोळशाच्या खाणींच्या आणि पोलादाच्या भट्ट्यांच्या उजाड मुलखात उद्याने, घरे आणि संग्रहालये झाली खरी, पण त्या साऱ्याच्या मुळाशी एम्शर नावाच्या, गटार होऊन बसलेल्या नदीची चिंता होती.

पाण्यासाठी जागा राखावयाच्या म्हटल्या की आरक्षणे आली, आणि आरक्षणांविषयी बोलताना आचोळ्याची आठवण न काढणे अशक्य आहे. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्यांत सुमारे अडीच हजार कुटुंबे राहावयास आली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभी त्या जमीनदोस्त झाल्या. आयुष्याची पुंजी घालून खोली घेणाऱ्याला नकाशावरचा रंग कोणी दाखविला नव्हता. ज्यांनी तो पाहिला होता त्यांनी डोळे मिटले होते. रस्त्याच्या आरक्षणाचेही असेच होते. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप संपते. वसई-विरारचा मंजूर आराखडा ९ फेब्रुवारी २००७ चा आहे, म्हणजे ती दहा वर्षे केव्हाच उलटली. ज्या रेघेमागे पैसा नाही, तिच्यामागे केवळ अतिक्रमणाची रांग लागते.

पैसा कोठून यावा, याचेही उत्तर त्याच कायद्यात आहे. एकेका सातबाऱ्यावर स्वतंत्र संपादन करीत बसण्यापेक्षा नगररचना योजना आखून साऱ्या पट्ट्याची जमीन एकत्र करावी, प्रत्येक मालकास रस्ता, गटार आणि मैदान वगळून नव्या आकाराचा भूखंड द्यावा, आणि रस्त्यामुळे वाढलेल्या मूल्याचा अंश सार्वजनिक तिजोरीत घ्यावा. मुंबई प्रांतात अशा योजनांचा कायदा १९१५ पासून आहे, गुजरातेने तो वारसा जोमाने चालविला आणि आपल्या सिडकोनेही नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात तो हाती घेतला आहे. ह्या पद्धतीत एक मोठी उणीव मात्र आहे, ती झाकून चालणार नाही: ती मालकाला ओळखते, भाडेकरूला ओळखत नाही. गोखिवऱ्याचे अर्थकारण ज्यांच्या खांद्यावर आहे तो गाळ्याचा भाडेकरू आणि गाळ्यामागच्या चाळीत राहणारा कामगार यांचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही. गाळे जाऊन मनोरे आले तर मालक श्रीमंत होईल, पालिकेस अधिमूल्य मिळेल, आणि धंदा भिवंडीकडे किंवा वाड्याकडे निघून जाईल. म्हणून योजनेचा आरंभ भूमापकाच्या मोजणीने नव्हे, तर गाळ्यागाळ्यातील उद्योगाच्या आणि माणसांच्या गणनेने व्हावा, आणि नव्या भूखंडांचा ठरीव हिस्सा बहुमजली गाळ्यांसाठी, परवडणाऱ्या भाड्याने, राखून ठेवावा.

इतके सारे करीत बसल्यास रस्ता आणखी दहा वर्षे लांबेल, असा आक्षेप येईल. वाहतुकीच्या कोंडीत रोज दीड-दोन तास घालविणाऱ्याने तो घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु मंजुरीनंतर इतकी वर्षे लोटूनही आराखड्यातले रस्ते अर्धवट राहिले, ते फार विचार केल्यामुळे नव्हे. जमीन ताब्यात नसताना आणि निधी हाती नसताना रेघा ओढल्यामुळे. मातीची तपासणी, पाण्याच्या वाटांची मोजणी आणि गाळ्यांची गणना ही तिन्ही कामे एकाच वेळी, संपादनाच्या कज्ज्यांत जातो त्याहून कितीतरी कमी अवधीत होण्यासारखी आहेत.

१९६६ च्या कायद्याने आराखड्याची सुधारणा वीस वर्षांच्या आत करावयास सांगितली आहे, म्हणजे ती मुदत २०२७ ला येऊन ठेपते. सुधारित प्रारूप हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होते तेव्हा बहुतेक नागरिक आपल्या घरावर कोणता रंग आला एवढेच पाहून परततात. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या रहिवाशांनी, गाळेधारकांनी आणि कामगार संघटनांनी ह्या खेपेस लेखी हरकत नोंदवून इतकेच मागावे की, नव्या रस्त्याची रेघ आणि तिच्या दुतर्फा असलेल्या जुन्या औद्योगिक जमिनीची योजना ही दोन्ही एकाच प्रस्तावात, एकाच दिवशी मंजुरीस यावीत. तशी ती येणार नसतील, तर रेघेलाही मंजुरी देऊ नये.